पेडल मऊ आहे

"…आणि त्या पिनेला ग्रीस लावलंस, ते कुणाला विचारून?"

"कुणाला विचारायचं? पिन कोरडी होती."

"मला विचारायचं."

"तुम्ही झोपला होता, उस्ताद."

खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले नाहीत.

"कुठलं ग्रीस?"

"ब्रेकचं. तुम्ही आणायला सांगितलेलं."

"पॅडला लागलं?"

"नाही."

"पॅडला बोट लागलं?"

"नाही म्हटलं ना."

"मग ठीक हाय," उस्ताद म्हणाले. "पण उलट बोलू नको."

दस्तगीर मुजावर एस.टी.च्या डेपोत अडतीस वर्षं ब्रेकच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर ते घाटमाथ्यावरच्या आपल्या गावी, धारेवाडीला, येऊन राहिले. गावात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. एक, ब्रेकच्या बाबतीत असा माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही. दुसरं, त्यांच्या तोंडी लागू नये. गाव दोन्ही मतं इमानानं पाळायचं.

कल्याणी जगदाळे त्यातलं पहिलंच पाळायची.

ती गावच्या शाळेत मास्तरीण. घरात ती आणि तिची आई, ताराबाई. ताराबाईंच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसचा नंबर असायचा. तालुका घाटाखाली, बावीस किलोमीटर. एस.टी. धारेवाडीत यायची दहाला. वडापची जीप फक्त बाजारच्या दिवशी. म्हणून कल्याणीनं एक जुनी लहान गाडी घेतली होती आणि घाटातली एकोणीस वळणं तिला पाठ झाली होती.

एकदा नंबर चुकला होता. दुसऱ्या दिवशी ताराबाईंच्या पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता, आणि रात्रभर त्यांनी उशीला टेकून बसून श्वास घेतला होता. कल्याणी ती रात्र विसरलेली नाही.

दोन महिन्यांपूर्वी ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढायला लागली. खालच्या एका गॅरेजवाल्यानं चार दिवस गाडी ठेवून घेतली आणि परत दिली. गाडी तशीच ओढत होती. कल्याणीनं विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, ब्रेकचं तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही फक्त चालवा."

कल्याणीला कुणी 'तुला कळायचं नाही' म्हटलं, की ते कळेपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरत नाही. हा गुण म्हणायचा की खोड, यावर तिच्या आईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

ती सरळ उस्तादांच्या दारात जाऊन उभी राहिली होती.

"मला ब्रेक शिकवा."

"बाईमाणसाला?"

"हाताला शिकवा. हात बाईचा असला तर काय बिघडतंय?"

उस्तादांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. त्यांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्यातला ते टाळत होते. त्यामुळं ते माणसाकडं जरा तिरपे बघायचे आणि माणूस उगाच वरमायचा.

कल्याणी वरमली नाही.

सहा रविवार उस्तादांनी तिला गाडीला हात लावू दिला नाही. भंगारातला एक गंजका कॅलिपर तिच्यापुढं टाकला. कॅलिपर म्हणजे चाकाच्या आतल्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून चिमटा घेणारा अवयव. खोल, पूस, जोड. पुन्हा खोल. पाचव्या रविवारी तिनं तो डोळे मिटून जोडला. सहाव्या रविवारी उस्ताद म्हणाले, "आता बरा हाय." कॅलिपर की ती, ते त्यांनी सांगितलं नाही.

आज सातवा रविवार होता. गाडी कल्याणीच्या अंगणात होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली. मागच्या चाकांना दगड. जॅकवर भरवसा नाही म्हणून पुढं गाडीखाली आंब्याचे दोन जाड ठोकळे. उस्ताद सावलीत खुर्चीवर, ताराबाई ओट्यावर भिंतीला टेकून. त्यांना बडबडीची सवय होती, पण उस्तादांपुढं त्या मोजकंच बोलत.

सकाळभर डावीकडचं काम चाललं. अपराधी सापडला होता. कॅलिपरच्या आतला दट्ट्या अर्धा अडकून बसला होता, सोडला तरी मागं सरकत नव्हता. उस्तादांनी तो बोटानं चाचपला आणि तोंड वाकडं केलं.

"रबर मेलंय. उजव्याचंबी तेच वय. तोबी खोल."

"आत्ता? दोन्ही एकदम?"

"व्हय."

"उस्ताद, तुम्हीच सांगितलंय. एक बाजू उघडी, एक बाजू बंद. अडलं तर बंद बाजूकडं बघायचं."

"ते तुला सांगितलं. मला न्हाई सांगितलं."

कल्याणीनं हात फडक्याला पुसले.

"दुपार झाली," उस्ताद म्हणाले. "उद्या सोमवार हाय. आईला न्यायचंय का न्हाई?"

न्यायचं होतंच. कल्याणीनं उजवी बाजूही खोलली.

दोन्ही कॅलिपर उस्तादांच्या मांडीवरच्या एकाच घमेल्यात गेले. त्यांनी ते ब्रेक ऑईलनंच धुतले. डिझेलचा थेंब जवळ येऊ दिला नाही, डिझेलनं रबर फुगतं. मग नवी रबरं खाचेत बसवली, दट्ट्याला तेलाचं बोट फिरवलं आणि अंगठ्यांनी तो सरळ आत ढकलला. जरासुद्धा तिरका नाही. त्या हातांना बघत राहावं असे ते हात होते. डोळ्यांची त्यांना गरजच पडत नव्हती, आणि उस्तादांना त्याचा अभिमानही होता.

"दोन्ही सारखेच दिसतात," कल्याणी म्हणाली. "खडूनं खूण करून ठेवू?"

"खूण शिकाऊ करतो."

"मी शिकाऊच आहे."

"मी न्हाई. धर. हा डावा. हा उजवा."

तिनं घेतले. नळीला पीळ पडणार नाही हे बघितलं. नळीच्या बोल्टला तांब्याचे नवे वॉशर घातले. पॅड बसवले. मोजून आवळायचा पाना तिनं कुणाकडून तरी मागून आणला होता, त्यानं एकेक बोल्ट तो 'कट्' म्हणेपर्यंत आवळला. उस्ताद त्या 'कट्'ला दरवेळी हुं करायचे. त्यांचा पाना म्हणजे त्यांचं मनगट होतं.

आता हवा काढायची राहिली.

पाय पेडल दाबतो, पेडल तेलाला ढकलतं, तेल नळीतून जाऊन दट्ट्याला ढकलतं. तेलात हवेचा बुडबुडा राहिला, की पाय नुसता बुडबुडा दाबत बसतो आणि चाक आपलं फिरत राहतं. म्हणून कॅलिपरला एक लहान तोटी असते. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं तोटी सैल करायची, हवा तेलाबरोबर बाहेर येते. मग तोटी बंद, मग पाय वर.

उस्तादांचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून ते गाडीत बसले. कल्याणी तोटीपाशी. तोटीला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात.

"दाबा."

"दाबलं."

नळीतून स्वच्छ तेल आलं. दोन-चार बारीक बुडबुडे, मग तेही नाहीत. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

"बुडबुडा?" उस्तादांनी आतून विचारलं.

"नाही."

उस्तादांनी पेडल भराभर सात-आठ वेळा मारलं.

"कडक हाय. झालं. चाकं लाव."

चाकं लागली, ठोकळे निघाले. ताराबाईंनी ओट्यावरून हात जोडले. चार वाजले होते.

कल्याणी गाडीत बसली. गाडी सुरू केली नाही. पाय पेडलवर ठेवला आणि हळू, एकदाच दाबलं.

पेडल खाली जात राहिलं.

तिनं पाय काढला. थोडं थांबून पुन्हा हळू दाबलं. पुन्हा तेच. ओल्या मातीत पाय जावा तसं.

"उस्ताद, पेडल मऊ आहे."

"नवीन रबर हाय. बसंल दोन दिवसांत."

"भराभर मारलं की कडक लागतं. हळू दाबलं की खाली जातं."

"मग भराभर मार."

"वळणावर बैल आडवा आला तर? तो आठ वेळा थांबेल?"

उस्ताद खुर्चीत बसता बसता थांबले.

ताराबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अगं, उस्ताद म्हणतायत ना."

"आई, तू थांब."

"अडतीस वर्षं," उस्ताद म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "अडतीस वर्षांत माझ्या हातची एकबी गाडी घाटात चुकली न्हाई."

"मी तसं म्हटलंय का?"

"मग काय म्हणतीयास?"

"पेडल मऊ आहे म्हणते."

"काय चुकलंय ते सांग."

"ते मला माहीत नाही."

"माहीत न्हाई तर बोलू नको. ज्याला चूक दाखवता येत न्हाई त्यानं बोट उचलू नये."

कल्याणीनं गाडीची किल्ली काढली, ओढणीच्या टोकात बांधली आणि गाठ दातांनी घट्ट केली.

"नाही दाखवता येत," ती म्हणाली. "तरी बरोबर नाही."

…

धारेवाडीत दस्तगीर उस्तादांना असं कुणी बोललं नव्हतं. सरपंच नाही, त्यांचा मुलगा नाही. मी तिथं असतो तर मीही गप्प बसलो असतो आणि वर तिलाच गप्प केलं असतं. हे मी अभिमानानं सांगत नाही.

उस्ताद उठले. टोपी नीट केली. पलीकडून जाऊन त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले.

"डेपोत रीत होती," ते समोर काचेकडं बघत म्हणाले. "ज्यानं ब्रेक केला त्यानं पहिल्या फेरीला पुढं बसायचं. मी बसलो. आता चल. घाट उतरू. गेलो तर दोघं जाऊ."

ताराबाईंना वाटलं, आता पोरगी नाही म्हणू शकणार नाही. एवढा मोठा माणूस स्वतःचा जीव पुढं ठेवतोय, आणखी काय करायचं त्यानं?

कल्याणी खिडकीपाशी गेली.

"उतरा, उस्ताद."

"भ्यालीस?"

"तुम्ही मरायला तयार आहात म्हणून काही ब्रेक लागत नाही."

…

एक कोंबडी गाडीखालून निघून गेली. उस्ताद उतरले नाहीत.

कल्याणीनं पुन्हा जॅक लावला.

"मी आत बसलोय," उस्ताद म्हणाले.

"बसा. मग जॅक जड जाईल एवढंच."

मग मात्र ते उतरले, दार आपटून. खुर्चीत जाऊन पाठ करून बसले. उघड सांगतो, मला या जागी उस्तादांची कीव येते. म्हातारपणी माणसाकडं नावाशिवाय उरतं काय, आणि ते नाव एक मास्तरीण भर अंगणात जॅकवर चढवत होती.

डावं चाक निघालं. कल्याणी मातीत बसली. बोल्ट बघितले, घट्ट. नळी बघितली, पीळ नाही. वॉशरपाशी बोट फिरवलं, तेलाचा ओलावा नाही. पॅड बरोबर. सहा रविवारांत जे जे शिकली ते सगळं तिनं पुन्हा तपासलं, आणि सगळं बरोबर होतं.

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात आलं. साडेचार झाले. हे आज सुटलं नाही तर सकाळी गाडी नाही, आणि गाडी नाही तर नंबर नाही.

"उद्या राहू दे गं," ताराबाई म्हणाल्या. "गुरुवारी जाऊ. मला काय होत नाही."

"तुला काय होतं ते मी बघितलंय."

ताराबाईंनी पदर पायांवर ओढला.

कल्याणीनं तेलाची बाटली उचलली. तिच्या नळीत एक बारीक बुडबुडा राहिला होता. तिनं नळी हलवली. बुडबुडा वर सरकला. नळी उलटी केली. बुडबुडा पुन्हा वर, दुसऱ्या टोकाला.

"आई."

"काय गं?"

"दवाखान्यातली सिस्टर. ती सुई भरते ना, तेव्हा हवा कशी काढते?"

ताराबाईंना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण त्यांनी वर्षभरात ते शंभरदा बघितलं होतं. त्यांनी उजवा हात उचलला, दोन बोटांत नसलेली सुई धरली, टोक आभाळाकडं केलं आणि डाव्या हातानं टिचकी मारली.

"अशी. वर धरती. हवा वर जमती, मग वरनं काढती."

"खाली धरून?"

"खाली धरून कशी निघंल? खाली नुसतं औषध सांडंल."

ताराबाईंचा हात वरच राहिला होता. कल्याणीनं त्या हाताकडं बघितलं. मग चाकाच्या जागी बघितलं.

तेलाची नळी कॅलिपरला वरच्या अंगाला लागलेली होती. हवा काढायची तोटी खालच्या अंगाला होती.

तिनं उठून उजवं चाक काढलं. तिथंही तोटी खाली.

"उस्ताद."

उस्तादांनी मान वळवली नाही.

"उस्ताद, तुमच्या गाड्या हवेवर थांबायच्या ना? एस.टी.चा ब्रेक हवेचा असतो."

"व्हय. मग?"

"ही हवेमुळं थांबत नाहीये."

…

उस्ताद खुर्चीतून उठले. ताराबाईंचा वर धरलेला हात त्यांनी आपल्या बऱ्या डोळ्यानं पाहिला. काय पाहिलं त्यांनी, कोण जाणे. ते डाव्या चाकाच्या जागी आले आणि जे गुडघे सकाळपासून वाकत नव्हते ते वाकवून मातीत बसले.

हात आत गेला. बोटं नळीवरून कॅलिपरवर आली, कॅलिपरच्या माथ्यावर फिरली, तिथं काही नव्हतं. मग खाली गेली. तोटीवर थांबली.

मग ते न उठता तसेच गुडघ्यांवर सरकत दुसऱ्या बाजूला गेले. कल्याणीनं हात पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही.

तिथंही बोटं खाली जाऊन थांबली.

"डावा उजव्याला लागलाय," ते म्हणाले. "उजवा डाव्याला."

"तुम्ही दिले तसे लावले."

"मी दिले." उस्तादांनी हात पँटला पुसले. "लावले कुणी?"

"मी."

"मग खोल."

सव्वापाच झाले होते. उजेड होता.

यावेळी तिनं दोन्ही कॅलिपर काढले आणि उस्तादांच्या समोर त्यावर खडूनं मोठी अक्षरं लिहिली. एकावर डा, एकावर उ. शाळेत फळ्यावर लिहितात तशी. उस्ताद बघत होते.

तांब्याचे वॉशर तिनं जादा आणले होते. जुने एकदा दाबले गेले, की पुन्हा वापरायचे नसतात, हे उस्तादांनीच तिसऱ्या रविवारी सांगितलं होतं. नळी जोडली. बोल्ट, 'कट्'. यावेळी त्या 'कट्'ला हुं आलं नाही.

तोट्या दोन्हीकडं वर होत्या.

"आत बसा," कल्याणी म्हणाली.

डेपोत पेडल मारायला सगळ्यात नवा पोऱ्या बसवत. मघाशी उस्ताद तिथं गुडघ्यांच्या नावावर बसले होते. आता गुडघे वाकतात हे सगळ्यांनी बघितलं होतं. तरी ते उठले आणि जाऊन बसले.

"बॉनेटखालच्या डबीतलं तेल बघा. खालच्या रेघेच्या खाली गेलं तर हवा वरनं आत जाईल."

"माहीत हाय मला."

"तरी बघा."

उस्ताद उतरले, बॉनेट उचललं आणि परत येऊन बसले.

"बघितलं. भरलंय."

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा. मी म्हणेपर्यंत सोडू नका."

तिनं तोटी सैल केली. नळीत आधी तेल आलं, मग भसकन मोठा बुडबुडा, मग त्याच्यामागं फेस. ताराबाई ओट्यावरून उतरून बघायला आल्या.

"अगं बाई. केवढी होती गं."

"सोडा," कल्याणी म्हणाली, तोटी बंद करून.

"सोडलं."

"दाबा."

"दाबलं."

असं किती वेळा झालं ते ताराबाईंना सांगता येत नाही. त्यांना एवढंच आठवतं, की पोरगी हुकूम सोडत होती आणि दस्तगीर उस्ताद तो बिनबोभाट पाळत होते. एकदाच ते चुकून लवकर सोडायला गेले.

"सोडा म्हटलं मी?"

"न्हाई."

"मग?"

"धरलंय."

बुडबुडे संपले. तिनं दुसरी बाजू केली. तिथंही संपले. तिनं उस्तादांना उतरायला लावलं आणि स्वतः बसली. पाय न लावता शंभर आकडे मोजले, वर्गात मोजतात तसे, मोठ्यानं. मग हळू, एकदाच दाबलं.

पेडल थोडं गेलं आणि थांबलं. दगडाला पाय लागावा तसं.

ती तसाच पाय दाबून बसली. मिनिटभर. ते सरकलं नाही. उतरून तिनं दोन्हीकडं कागद लावून बघितला, कोरडा. चाकं लावली, ठोकळे काढले, अंगणातल्या अंगणात माणूस चालतो त्या वेगानं गाडी पुढं घेतली, थांबवली. मागं घेतली, थांबवली. मग शाळेच्या उतारावर.

उतारावर ती एकटी गेली. उस्ताद पुढं बसायला आले नाहीत आणि तिनंही बोलावलं नाही. गाडी थांबली. सरळ थांबली, कुठंही न ओढता.

ती परत आली तेव्हा अंगणात खुर्ची रिकामी होती. उस्ताद घरी निघून गेले होते.

"रागावले असतील," ताराबाई म्हणाल्या. "फार बोललीस त्यांना."

"बोलले."

"माफी मागून टाक."

कल्याणीनं हात धुतले. साबणानं तीनदा धुतले तरी नखांतला काळा गेला नाही.

"कशाची?" ती म्हणाली. पण ते आईला म्हणाली की स्वतःला, ते कळलं नाही. जेवताना मात्र तिला घास गेला नाही, हे ताराबाईंनी बघितलं.

सोमवारी सकाळी सहाला गाडी घाटात उतरली. अकराव्या वळणावर खरंच समोरून एक उसाचा ट्रॅक्टर आपली बाजू सोडून आला. कल्याणीनं एकदाच पाय दाबला. मागं बसलेल्या ताराबाई जरा पुढं झुकल्या आणि परत मागं टेकल्या. त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" कल्याणी म्हणाली, "काही नाही." आणि काही झालंच नव्हतं.

नंबर आठचा, आठलाच लागला.

दुपारी दोनला गाडी धारेवाडीत शिरली. डायलिसिस झालं, की ताराबाईंना बोलायचीही ताकद नसते, आणि त्या बोलत नाहीत म्हणजे केवढं थकायला होत असेल ते तुम्ही समजा. पण श्वास मोकळा होता.

कल्याणीनं गाडी आपल्या घराकडं नेली नाही. उस्तादांच्या दारात थांबवली.

उस्ताद दारातच होते. सकाळपासून तिथंच होते, असं शेजारणीनं नंतर सांगितलं. चहासुद्धा बाहेर मागवला म्हणे.

त्यांनी आधी मागच्या खिडकीतून ताराबाईंकडं पाहिलं, तिरपं. ताराबाईंनी मान हलवली. मग ते गाडीला वळसा घालून आले, पुढच्या चाकाच्या लोखंडाजवळ हात नेला आणि न लावता किती गरम आहे ते बघितलं. दुसऱ्या चाकाजवळही. दोन्ही सारखीच गरम होती, म्हणजे ब्रेक दोन्हीकडं सारखा लागत होता.

कल्याणी खाली उतरली. रात्रभर तिनं काहीतरी जुळवून ठेवलं होतं, ते आता आठवेना.

"उस्ताद, काल मी…"

उस्ताद चाकापासून बाजूला झाले.

"मी उलट बोलले. भर अंगणात बोलले. तुम्ही मला शिकवलंत आणि मी तुमच्याच…"

ती खाली वाकली, त्यांच्या पायांना हात लावायला.

उस्तादांनी दोन्ही पाय मागं घेतले.

"सरळ उभी ऱ्हा," ते म्हणाले. "मी उद्याबी चुकणार हाय."